धुतलेले मॅग्नेट

"माझ्या बाटलीचं झाकण कोणी उघडं टाकलं?"

प्रयोगशाळेत शिरल्या शिरल्या तिनं जो आवाज लावला, तो ऐकून म्हणे जिन्यावरची माणसंसुद्धा जागच्या जागी थबकली होती. बाहेर सकाळपासून पावसाची झड लागलेली, खिडक्यांच्या काचांवर बाष्प धरलेलं, आणि अशा हवेत कुणीतरी तिची फेरिक क्लोराइडची बाटली उघडी ठेवून गेलेलं! फेरिक क्लोराइड म्हणजे लोखंडाचा एक क्षार. कोरडा असताना काळाभोर आणि चमकदार. पण ओल लागायचा अवकाश, की त्याचा पिवळट तपकिरी चिखल होतो. अख्ख्या बाटलीचा तसा चिखल झाला होता.

"मी टाकलं," मागून आवाज आला.

तिनं गर्रकन वळून पाहिलं. एक उंच, किडकिडीत मुलगा उभा होता. अंगातल्या पांढऱ्या कोटाच्या घड्यासुद्धा अजून मोडल्या नव्हत्या.

"तुम्ही कोण?"

"नवीन आहे. आजच आलो. तुमच्या शेजारची जागा मला दिलीय."

"आणि पहिल्याच दिवशी शेजारी चोरी?"

"चोरी काय म्हणता... चिमूटभर उसनं घेतलं."

"चिमूटभर घेतलंत आणि बाटलीभर घालवलंत!"

"झाकण लावलं होतं हो. म्हणजे... लावणारच होतो, तेवढ्यात मॅडमनी हाक मारली."

"उद्या आग लागली आणि मॅडमनी हाक मारली, तर काय कराल?"

त्यानं खरोखरच विचार केला. "आधी आग विझवीन. मग मॅडमकडे जाईन. आणि तिथून थेट तुमच्याकडे येईन, माफी मागायला."

रागावलेलं तोंड तसंच ठेवायचा तिनं मनापासून प्रयत्न केला. पण ओठांचा एक कोपरा ऐनवेळी दगा देऊन गेला.

"हसलात."

"मुळीच नाही."

"हसलात हो, मी पाहिलं ना!"

आज तिच्या केसांत रुपेरी छटा आली आहे. पण पाऊस लागला आणि काचा धुरकट झाल्या, की तिला हटकून ती सकाळ आठवते आणि तो कोपरा पुन्हा तसाच हलतो. आठवणीला वयाचं काय सोयरसुतक!

त्या प्रयोगशाळेत माणसाला कामावरून नाव पडायचं, आणि एकदा पडलं की आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव कुणाला आठवायचं नाही. तिला सगळे 'लोखंडी' म्हणत. तिचं सगळं चित्त लोखंडातच असायचं ना! औषधं बनवताना कार्बनच्या दोन कड्या एकमेकींना जोडाव्या लागतात. त्या आपण होऊन काही जुळत नाहीत, मध्यस्थ लागतो. हा मध्यस्थ बहुतेक वेळा पॅलेडियम नावाचा धातू असतो, आणि त्याची किंमत ऐकली तर भल्याभल्यांना घाम फुटतो. लोखंडीचं म्हणणं, एवढा थाटमाट कशाला? साध्या लोखंडाच्या क्षाराची चिमूट टाका, काम होईल. आणि खरंच होत होतं! गेलं वर्षभर होत होतं. मॅडम या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं. त्यासुद्धा तिचे निकाल पाहून "बरंय" म्हणाल्या होत्या.

नव्या मुलाचं नाव अर्थातच 'शेजारी' पडलं. तो जस्ताच्या क्षारांवर काम करायचा.

"तुमचं लोखंड म्हणजे स्थळं जुळवणारी मावशीच की," तो एकदा म्हणाला. "दोघांची गाठ घालून द्यायची आणि आपण हात झटकून मोकळं व्हायचं."

"आणि तुमचं जस्त?"

"ते बसलंय कोपऱ्यात. कुणाशी बोलतच नाही."

"मग मालकावर नाही गेलं."

"का? मी फार बोलतो?"

"कामाचं सोडून सगळं बोलता."

कड्या जुळल्या की नाही हे पाहायला एक बोटभर पट्टी असायची. मिश्रणाचा थेंब पट्टीवर लावायचा, पट्टीचं टोक द्रावकात बुडवून तो वर चढू द्यायचा, मग पट्टी काळा पडदा लावलेल्या पेटीत जांभळ्या दिव्याखाली धरायची. नवा ठिपका उजळला की समजायचं, जमलं! ती पेटी एकाच माणसानं डोकवावं अशा बेतानं केलेली होती. पण हे दोघे मिळून डोकवायचे. का, ते विचारू नका.

"दिसतोय?"

"कुठे?"

"हा काय, वरती... तुझा चष्मा जरा बाजूला घे ना."

पडद्याआडच्या त्या अंधारात कधी 'तुमचा'चा 'तुझा' झाला, दोघांनाही कळलं नाही. कळलं तेव्हा परत मागे फिरायची कुणाची इच्छा नव्हती. सरळ सांगायचं तर तिला तो आवडायला लागला होता. त्याची गुणगुणायची सवय, फ्लास्क उजेडाला धरताना एक डोळा मिटायची तऱ्हा, आणि तिचं बोलणं ऐकताना हातातलं काम थांबवणं. हे शेवटचं तर फारच.

शेजाऱ्याला एक खोड होती. तो ज्या प्रयोगशाळेतून आला होता तिथे शनिवार म्हणजे मॅग्नेट धुवायचा दिवस. मॅग्नेट म्हणजे फ्लास्कच्या तळाशी गरगर फिरून मिश्रण ढवळणारी, शेंगदाण्याएवढी लोहचुंबकाची कांडी. वरून पांढरं प्लॅस्टिक असतं. हा पठ्ठ्या दर शनिवारी आपले मॅग्नेट जहाल आम्लात उकळायचा आणि मोत्यांसारखे चकाचक करून वाळत घालायचा. लोखंडीच्या प्रयोगशाळेत असले लाड नव्हते. विसळला, पुसला, टाकला पुढच्या फ्लास्कमध्ये. तिच्या ड्रॉवरमधले मॅग्नेट तर तिच्या आधी त्या टेबलावर काम करणाऱ्या थोरल्याचे. थोरला सगळी वर्षं पॅलेडियमवर काम करून, पदवी घेऊन निघून गेला होता. मागे राहिलेले मॅग्नेट वापरून वापरून करडे झाले होते.

"हे मॅग्नेट आहेत की उंदराच्या लेंड्या?" शेजाऱ्यानं ड्रॉवरमध्ये डोकावत विचारलं.

"तोंड सांभाळ हं. थोरल्याची आठवण आहे ती."

"आठवण ठेवली, पण साबण ठेवायला विसरला बिचारा."

तिनं त्याच्या हातावर चापटी मारली. मारली म्हणजे काय, नुसती टेकवली. दोघेही उगाचच खिडकीबाहेर बघायला लागले.

अशात एके दिवशी मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. साता समुद्रापलीकडच्या एका मोठ्या प्रयोगशाळेला तिचं लोखंड फार आवडलं होतं. शोधनिबंध छापायला गेला की तिची तिथली जागा पक्की. मात्र त्याआधी एकदा, मोठ्या प्रमाणावर, मॅडमच्या डोळ्यांसमोर प्रयोग करून दाखवायचा होता. ती अक्षरशः उड्या मारत बाहेर आली. आईला फोन केला. आईनं संध्याकाळच्या आत आत्यापासून मामेबहिणीपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं. मोठा भाऊ म्हणाला, "माझी मोठी बॅग घेऊन जा, पण चाकं मोडून आणू नकोस."

मग तिनं शेजाऱ्याला सांगितलं.

"छान," तो म्हणाला.

"एवढंच?"

"छानच म्हटलं ना... फारच छान." आणि तो साखर केव्हाच विरघळलेला चहा ढवळत बसला.

तिला जायचं होतं. लहानपणापासून जायचं होतं. आणि त्या चहाच्या कपाकडे बघताना पहिल्यांदाच तिला जाणं नकोसं वाटलं.

शनिवारी ती घरी गेली. सोमवारी सकाळी येऊन बघते तर तिच्या टेबलावर पांढरा कागद अंथरलेला, आणि त्यावर तिचे सगळे मॅग्नेट, लहान-मोठे लावून ठेवलेले, पांढरेशुभ्र!

"अय्या! हे तू केलंस?"

"तुझा मोठा प्रयोग आहे," शेजारी मान खाजवत म्हणाला. "म्हटलं, निदान मॅग्नेट तरी नीटनेटके असावेत. माझ्याकडून... म्हणजे शुभेच्छा समज."

कुणी फुलं देतं, कुणी अत्तर देतं. या माणसानं अख्खा शनिवार आम्लाच्या वाफेत उभं राहून तिचे मॅग्नेट घासले होते. तिला इतकं भरून आलं की धड 'थँक यू'सुद्धा म्हणता येईना. त्यातलाच सर्वांत देखणा मॅग्नेट उचलून तिनं फ्लास्कमध्ये टाकला.

आणि प्रयोग फसला.

पट्टीवर ठिपका नाही. ठिपक्याची सावलीसुद्धा नाही. तिनं पुन्हा केला. लोखंडाची नवी बाटली फोडली. द्रावकातला ओलावा नव्यानं काढून टाकला. पावसाला शिव्या घातल्या. मॅडम येता-जाता विचारायच्या, "मग, कधी दाखवतेस?" आणि ती "उद्या" म्हणायची. उद्या उजाडायचा आणि पट्टी कोरीच राहायची. शेजारी तिच्या बरोबरीनं राबत होता. गुणगुणणं बंद झालं होतं.

शेवटी एका दुपारी तिला हूडच्या, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या, अगदी मागे, आदल्या आठवड्यातला न धुतलेला एक फ्लास्क सापडला. आत एक करडा मॅग्नेट होता. हाताला तोच लागला म्हणून तिनं तो विसळून वापरला. तासाभरानं पट्टी दिव्याखाली धरली तर ठिपका! लख्ख!

"जमलं! अरे जमलं!" तिनं त्याच्या कोटाची बाही धरून त्याला पेटीपाशी ओढलं.

त्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पडद्याबाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"बाकीचे सगळे मी आम्लात उकळले होते," तो हळूच म्हणाला. "हा एकच राहिला होता."

"मग?"

"एकदा या मॅग्नेटबरोबर... लोखंड न घालता बघशील?"

"ते केलंय मी. पहिल्याच महिन्यात. लोखंड नसेल तर काहीच होत नाही."

"तेव्हा मॅग्नेट कुठला होता?"

तिला आठवलं. त्या दिवशी ड्रॉवरला कुलूप होतं. तिनं पाकीट फोडून नवाकोरा मॅग्नेट घेतला होता.

तिला सगळं कळलं. एका क्षणात कळलं. पण काही गोष्टी कळल्या की माणूस आधी चिडतं. वर्षभराचे कष्ट, आईचे फोन, भावाची बॅग, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"मी जाऊ नये म्हणून केलंस ना हे? मुद्दाम धुतलेस ना?"

  त्यानं कोट काढून खुंटीला अडकवला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी कळलं, त्यानं मॅडमकडून खालच्या मजल्यावरची जागा मागून घेतली होती.

तिनं तो प्रयोग एकटीनं केला. करडा मॅग्नेट, लोखंड अजिबात नाही. बाहेर पाऊस रिपरिपत होता. तिनं पडद्यात डोकं घातलं. पेटीत आज पहिल्यांदाच भरपूर जागा होती.

ठिपका होता. उलट जरा जास्तच ठसठशीत होता.

थोरल्याच्या हातचं पॅलेडियम इतकी वर्षं त्या मॅग्नेटांच्या प्लॅस्टिकमध्ये मुरून बसलं होतं. कड्या तेच जुळवत होतं. लोखंड नुसतंच मानाच्या खुर्चीत बसून मिरवत होतं.

आणि आता ऐका, इथेच खरी मेख होती. करडा मॅग्नेट अजून चालत होता. तो टाकून, वर लोखंडाची चिमूट घालून मॅडमना प्रयोग दाखवला असता तर झक्कास जमला असता. निबंध गेला असता, जागा मिळाली असती. ब्र काढणारा कोण होता? एक शेजारी. आणि तो बोलणार नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

तेवढ्यात फोन वाजला. आई होती.

"अगं, तिकडे थंडी फार असते म्हणे. स्वेटर विणायला घेतलाय. बाह्यांचं माप सांग."

"आई... थोडं थांब. उद्या सांगते."

"बरी आहेस ना?"

"बरी आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवून ढसाढसा रडली.

मग रडता रडताच तिच्या मनात एक मुलगी आली. कुठली कोण जाणे. कुठल्याशा गावात, अशाच टेबलाशी उभी, पैशाची चणचण असलेल्या प्रयोगशाळेतली. ती हा निबंध वाचणार, आनंदानं लोखंडाची बाटली आणणार, नव्याकोऱ्या मॅग्नेटनं प्रयोग करणार, आणि महिनोन् महिने कोऱ्या पट्ट्या बघून स्वतःच्या हातांना दोष देणार. गेल्या आठवड्यात आपण दिला तसा. तिच्यानं ते सहन होईना. तिनं तोंड धुतलं आणि मॅडमच्या दारावर टकटक केली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तू काय सांगते आहेस ते तुला कळतंय ना?"

"हो."

"निबंध थांबवावा लागेल. ते लोक दुसऱ्या कुणालातरी घेतील."

"हो मॅडम."

"बस. पाणी पी आधी." मॅडम खिडकीकडे बघत राहिल्या. "जुने मॅग्नेट घालून, लोखंड न घालता, हा प्रयोग करायला मी सांगायला हवं होतं. इतकी वर्षं यात घालवली, माझ्या डोक्यातच आलं नाही. आता नीट लिहून काढ हे. लोखंड काही करत नाही, हेसुद्धा लोकांना कळायला हवंच की." आणि ती दाराशी पोचली तेव्हा मागून म्हणाल्या, "मॅग्नेट धुणाऱ्या त्या मुलाचंही नाव घाल हो त्यात."

ती बाहेर आली. जागा गेली होती. छातीत एक मोठं भगदाड पडल्यासारखं वाटत होतं, आणि तरी आज कितीतरी दिवसांनी श्वास पुरता आत जात होता. ती तडक जिन्याकडे धावली.

तो जिन्याच्या मधल्या वळणावर होता. हातात काचसामानाचं भलंमोठं खोकं. उरलंसुरलं खाली न्यायला आला होता. तिला पाहून त्यानं अंग चोरून वाट दिली.

"मला पुढे जायचं नाहीये," ती धापा टाकत म्हणाली. "तुझ्याकडेच आलेय. मॅडमना सांगितलं. सगळं."

"सगळं?"

"हो."

"आणि जागा?"

"गेली."

त्यानं खोकं पायरीवर टेकवलं. "माझ्यामुळे," तो म्हणाला. "नसत्या उठाठेवी... कुणी सांगितलं होतं मला धुवायला!"

"वेड्या, तू धुतले नसतेस तर मी जगभर खोटं सांगत सुटले असते. आणि मी काय बोलले रे तुला... तुझ्यावर तसला आळ घेताना माझी जीभ कशी नाही झडली?"

 वरच्या झरोक्यातून पावसाचे बारीक तुषार येत होते. तिच्या चष्म्यावर बसत होते, आणि ती ते पुसत नव्हती.

"मुद्दाम नव्हते धुतले," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"शपथ. तुझा प्रयोग झकास व्हावा, एवढंच होतं मनात. पण... तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं का, हे विचारलं असतंस तर मी अडकलो असतो."

"ते मी विचारलंच नाही."

"मग विचार ना."

 इतके दिवस पडद्याआड डोक्याला डोकं लावून उभी राहणारी ती, आता उघड्या जिन्यात तिला त्याच्याकडे बघवेना.

"मी जाऊ नये असं... वाटत होतं तुला?"

"रोज," तो म्हणाला. "अगदी रोज. तू मला फार आवडतेस. मॅग्नेट उकळताना वाटत होतं, हिचा प्रयोग जमणार आणि ही जाणार, आणि मी इथे बसून मॅग्नेट धूत राहणार. तरी आणखी घासत होतो."

ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनं खाली वाकून खोक्याची एक बाजू धरली.

"धर तिकडून."

"अगं, मी नेतो ना खाली. जड आहे."

"खाली नाही," ती म्हणाली. "वर. तुझ्या जागेवर."

त्यानं दुसरी बाजू धरली. जिना अरुंद होता, एका वेळी एकानंच चढावं असा. ते दोघं खोकं मध्ये धरून, एकमेकांना सांभाळत, शेजारी शेजारी चढले, आणि वर पोचायला त्यांनी हवा तेवढा वेळ घेतला.